पांढऱ्या बॉनेटवरचे फोड

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी असं मात्र पुष्कळदा वाटलं. निवृत्तीनंतर लोक घरी येतात, चहा पितात आणि दरोड्यांचे, खुनांचे किस्से विचारतात. मीही सांगतो, कारण त्या किश्श्यांत मी शहाणा ठरतो. या प्रकरणात मी शहाणा ठरत नाही, म्हणून ते आजवर कुणाला नीटसं सांगितलं नव्हतं. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांची द्यावीत त्यांची देता येत नाहीत, आणि ज्याचं देता येईल त्याचं नाव उगाच खूप वेळा घेतलं गेलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. हंगाम ऊसतोडीचा. दिवाळीनंतर आमच्या भागातली गावं अर्धी रिकामी होतात. कोयते, भांडी, लेकरं घेऊन टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि मागं म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री राहतात. पोलिसाला हा काळ बरा वाटतो, कारण भांडणं कमी होतात. पण या काळात काही घडलं तर बघणारंही कुणी नसतं, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि मला खूण केली. पोलीस पाटील बोलत होते. तलवाड्याच्या रस्त्यावर एका मेंढपाळाच्या बायकोला गाडीने उडवलं होतं. गाडी थांबली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा बाई रस्त्याच्या कडेला होती, अंगावर तिचीच काळी घोंगडी. मेंढरं शेजारच्या बांधावर निवांत चरत होती. नवरा सत्तरीच्या घरातला असावा. तो रडत नव्हता. काठी दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि पंचनामा करणाऱ्या आमच्या हवालदाराकडे बघत होता.

"बाबा, गाडी कसली होती?" मी विचारलं.

"पांढरी. उंच. लई मोठी," तो म्हणाला. "डोळ्यावर ऊन व्हतं, सायेब. आत कोन व्हतं ते न्हाई दिसलं."

"पिकअप होती का?"

"न्हाई. पिकअप असती तर मेंढरं आदीच बाजूला झाली असती. मेंढरायला पिकअपचा आवाज म्हाईत हाय. ह्या गाडीला आवाजच न्हवता."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मेंढरांची साक्ष कोर्टात कोण मानणार, असा माझा तेव्हाचा पोलिसी विचार. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या, काच फुटलेली नव्हती. घोंगडीच्या लोकरीत पांढऱ्या रंगाचे चार-पाच टवके अडकले होते. हवालदार जुना आणि काटेकोर माणूस. त्याने ते चिमट्याने काढले, कागदी पाकिटात घातले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि लाखेचं सील मारलं. मला त्या टवक्यांचं काही कौतुक नव्हतं. जिल्ह्यात निम्म्या गाड्या पांढऱ्याच असतात.

दुपारपर्यंत नातेवाईक रस्त्यावर बसले. वाहतूक दोन्ही बाजूंनी तुंबली. वरून फोन आला, उद्या संध्याकाळपर्यंत आरोपी पाहिजे. पोलीस खात्यात आरोपी "पाहिजे" असतो. तो खरा असावा ही अट फोनवर कुणी घालत नाही, आपण आपली घालून घ्यायची असते. मी ती घातली नाही.

त्याच रात्री नाकाबंदीवरच्या शिपायाने सांगितलं की तलवाड्यातल्या एका पिकअपला पुढून पोचा आहे. पिकअप पांढरी. तिचा मालकच ती चालवायचा. तिशीतला माणूस, बाजारच्या दिवशी शेळ्या-बोकडं वाहायचा. हवालदाराने त्याला फोन लावला, "ये बे ठाण्यात, काम हाय." तो आला नाही. फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला पालीला सासुरवाडीत पकडला. बिंदुसरेच्या धरणाकडे पाठ करून ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठलासुद्धा नाही.

पिकअप तपासली. बॉनेटला उजवीकडे पोचा आणि पुढच्या बंपरला वाळलेलं रक्त. मला आणखी काय हवं होतं?

"पळालास कावून बे?" हवालदाराने विचारलं.

"पळालो न्हाई. भेलो. पोलिसाचा फोन आल्यावर मानूस भीतोच की."

"पोचा कशाचा?"

"म्हशीनं ढुशी दिली."

"आणि रक्त?"

"बोकडाचं हाय, सायेब. बाजारात बंपरला बांदले व्हते. एकाचं शिंग तुटलं."

"काल सकाळी कुठं होतास?"

"घरी झोपलो व्हतो."

"कुणी पाहिलं?"

"कोन पाहनार? मंडळी ऊसतोडीला गेलीय. शेजारी कुलूप हाय."

मी त्याच्यावर हात उचलला. एकदाच, पण उचलला. तो खोटं बोलतोय याची मला खात्री होती. मोबाइलचं लोकेशन काढलं तर त्याचं घर आणि अपघाताची जागा एकाच टॉवरखाली. म्हणजे त्याच्या बाजूनेही काही नाही. घरी एकटा झोपलेला माणूस हे सिद्ध करू शकत नाही की तो घरी एकटा झोपला होता. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी ते पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध वापरलं.

म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावून पिकअप दाखवली. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"ही न्हाई," म्हणाला.

"बाबा, त्या वेळी तुम्ही घाबरलेले होता. नीट दिसलं नसेल."

"दिसलं न्हाई ते न्हाई म्हनलं. पन ही न्हवं."

त्याच्या पुरवणी जबाबात मी लिहिलं, "सदर वाहन पिकअपसारखे पांढरे व उंच होते." म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने अंगठा दिला. तो कागद आजही कुठल्यातरी फाइलमध्ये असेल. मी केलेल्या सर्व लिखाणात मला त्याची सर्वांत जास्त लाज वाटते.

वरिष्ठ खूश झाले. आरोपी पळाला होता म्हणून मी नुसत्या निष्काळजीपणावर न थांबता सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. त्यामुळे जामीन सहज मिळाला नाही. तीन महिने तो आत राहिला. त्याच्या फोटोसकट बातमी आली. पिकअप ठाण्याच्या आवारात, जप्त मोटारसायकलींच्या रांगेत उभी राहिली. टायर बसले, पोच्यातून तांबडा गंज उतरू लागला. जामिनावर सुटला तेव्हा त्याच्याकडे गाडी नव्हती, लायसन्स आमच्याकडे जमा होतं, आणि गावात लेकरंसुद्धा त्याला बघून रस्ता बदलत होती. ज्या माणसाच्या गाडीत गावाची बोकडं बाजाराला जायची, त्याला कुणी साधं ट्रॅक्टर चालवायलाही बोलावत नव्हतं.

सात महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोन पानं. बंपरवरचं रक्त मानवी नव्हतं. आणि टवक्यांबद्दल लिहिलं होतं की रंगाचे थर पिकअपच्या रंगाशी जुळत नाहीत, आणि टवक्यांच्या मागील बाजूस लोखंडाचा अंश नसून ॲल्युमिनियमचा अंश आहे.

मी अहवाल तीन वेळा वाचला. पिकअपचा पत्रा लोखंडी होता, त्याच्यावरचा गंज मी रोज ठाण्यात येताना-जाताना पाहत होतो. ॲल्युमिनियमचं बॉनेट मोठ्या, महागड्या गाड्यांना असतं, वजन कमी व्हावं म्हणून. अशा गाड्यांना आवाजही कमी असतो. म्हातारा पहिल्या दिवशी हेच सांगत होता.

मी पिकअपवाल्याला बोलावून घेतलं. खुर्ची दिली. ती त्याने घेतली नाही. मी त्याला अहवाल समजावून सांगितला.

"मंजी मी न्हवतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"मंग गावात येऊन सांगा, सायेब. पारावर. लोकायसमोर. मी सांगितलं तर कोनी मानीत न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो. "आधी खरा सापडू दे. मग स्वतः येऊन सांगतो."

त्याने मान हलवली आणि गेला. त्याला बाकी काहीच नको होतं. नुकसानभरपाई नको, माफी नको. ठाण्याच्या साहेबाने गावात येऊन चार माणसांपुढे एक वाक्य बोलावं, एवढंच. मी म्हणालो, आधी खरा सापडू दे. हे मी का म्हणालो ते आता मला चांगलं कळतं. हात हलवत जाऊन "आमचं चुकलं" म्हणण्यापेक्षा खऱ्या आरोपीला बेड्या घालून जाणं मला सोयीचं होतं.

शोध सुरू केला. हवालदाराने एका जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढला आणि रुमालात बांधून खिशात ठेवला. वॉशिंग सेंटर, गॅरेज, पेट्रोल पंप, जिथं मोठी पांढरी गाडी दिसेल तिथं हा बॉनेटला चुंबक लावून बघायचा. चिकटला तर लोखंड, घसरला तर ॲल्युमिनियम. ठाण्यातली पोरं त्याची चेष्टा करायची, "काका, पेन्शनीनंतर भंगारचं दुकान टाकायचंय व्हय?" दोन महिने तो चुंबक घेऊन फिरला.

पावसाळा सरता सरता खबर आली. गेवराईकडच्या एका वॉशिंग सेंटरवाल्याने हवालदाराला फोन केला. एक मोठी पांढरी गाडी धुवायला आली होती. बॉनेटवर उजव्या बाजूला रंगाला फोड आले होते, आणि फोडांमधून बारीक वळवळत्या रेघा गेल्या होत्या, पावसाळ्यात मातीवर गांडुळाच्या जातात तशा. पाण्याचा जोर लावला तर रंग सोलून निघेल म्हणून त्याने हात लावला नव्हता. गाडीबरोबर आलेला माणूस बोलून गेला होता, "राहू दे, दोन दिवसांत नवं बॉनेट येणारंय, हे भंगारातच जाणार."

त्या दोन दिवसांत बॉनेट गेलं असतं तर प्रकरण तिथंच संपलं असतं. आम्ही अर्ध्या तासात तिथं पोचलो. हवालदाराने रुमाल सोडला आणि चुंबक बॉनेटला लावला. तो घसरून खाली पडला. मी जागेवरच गाडी जप्त केली.

गाडी एका कंत्राटदाराची होती. रस्त्यांची कामं, खडीचं क्रशर, सगळ्या पक्षांशी घरोबा. क्रशर त्याच तलवाड्याच्या रस्त्यावर. तो संध्याकाळी ठाण्यात आला, वकिलासकट. रागावलेला नव्हता. अशी माणसं पोलिसांवर रागवत नाहीत, ती बदलीची भाषाही करत नाहीत. ती फक्त तुमच्या वरिष्ठांची तब्येत विचारतात.

"रंगाचा प्रॉब्लेम आहे हो," तो म्हणाला. "कंपनीचाच फॉल्ट. ॲल्युमिनियमला रंग धरत नाही म्हणतात. गाडीला साधा ओरखडाही गेलेला नाही कधी."

मोटार वाहन निरीक्षकाला बोलावलं. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर फिरवलं. डाव्या बाजूला कंपनीचा पातळ रंग. उजव्या बाजूला रंगाखाली लांबीचा थर, म्हणजे पोचा बुजवायला लावतात तो लगदा, दोन-तीन मिलिमीटर जाडीपर्यंत. फोड बरोबर त्याच भागात होते आणि बाहेर कुठंही नव्हते. कंपनीचा दोष असता तर तो असा हद्द आखून आला नसता. पोचा बुजवलेला होता, प्रश्न फक्त कुणी बुजवला हा होता. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली असती तर नोंद झाली असती, फोटो निघाले असते. म्हणजे काम गुपचूप, स्थानिक हातांनी झालं होतं.

असा मोत्यासारखा पांढरा रंग नजरेला फरक कळणार नाही इतका जुळवणारा मिस्त्री तालुक्यात एकच होता. पन्नाशीचा, बोटांवर रंगाचे कायमचे डाग. हवालदार त्याला घेऊन आला.

मिस्त्री दोन तास नाही म्हणत राहिला. ती गाडी कधी पाहिली नाही, कंत्राटदाराला फक्त नावाने ओळखतो, त्या महिन्यात तर दुकानच बंद होतं. मी आवाज चढवला नाही. पिकअपवाल्याच्या वेळी हात उचलून मी काय मिळवलं ते मला पुरतं कळलं होतं. मी चहा मागवला आणि चहा झाल्यावर त्याला आवारात नेलं. दुपारचं ऊन बॉनेटवर पडलं होतं आणि एक-एक फोड वेगळा दिसत होता.

मिस्त्री गाडीजवळ थांबला. त्याचा हात आपोआप वर गेला. त्याने अंगठ्याने एक फोड हलकेच दाबला. फोड फुटला आणि आतून पांढरी भुकटी बाहेर आली.

"कुणातरी नवशिक्याचं काम दिसतंय," मी म्हणालो.

त्याने अंगठ्यावरची भुकटी पँटला पुसली.

"गेवराईत सगळे म्हणतात, तुमचं काम दहा वर्षं हलत नाही. मी वरिष्ठांना तेच कळवतो. हे तुमचं नाही. असलं घाण काम तुमचं असूच शकत नाही."

"नवशिका न्हाई, सायेब," तो म्हणाला. "घाई व्हती."

मग तो बोलतच गेला. मला वाटतं, नऊ महिने त्याला हेच कुणाला तरी सांगायचं होतं.

"सकाळी सकाळी क्रशरचा सुपरवायझर गाडी घेऊन आला. म्हनला, जनावर आडवं आलतं. शटर खाली वढा, रातच्याला गाडी पायजे. मी हातोडी मारली अन् आवाजच येगळा. पत्रा मऊ. मला तवाच कळलं, ह्ये लोकंड न्हाई. ह्याला ब्रश येगळा लागतो, पेपर येगळा लागतो, लोकंडाचा एक कन ऱ्हायला तरी खालून कुजतं. प्रायमर बी येगळा. त्यो संभाजीनगरास्नं आनावा लागतो. म्या सांगितलं, दोन दिवस द्या. न्हाई म्हनला."

"मग?"

"मग काय. रोज लोकंडावर मारतो त्योच तारेचा ब्रश मारला. साधा प्रायमर दिला, लांबी भरली, रंग दिला. दिसायला कसं झालं व्हतं, इचारा! पन म्या त्याला सांगितलं, पावसाळ्यात फुगंल. त्यो हसला. म्हनला, तवर समदं मिटतं."

"जनावर नव्हतं हे कधी कळलं?"

तो गाडीकडेच बघत राहिला. "म्होरच्या जाळीत लोकर व्हती, सायेब. काळी. म्या मेंढराची समजलो. दुसऱ्या दिवशी बातमी ऐकली. मंग न्हाई बोललो. कामं समदी त्यांचीच येत्यात."

त्याचा जबाब मी स्वतः लिहून घेतला, शब्दन् शब्द तो बोलला तसा. या वेळी एकही शब्द माझ्या पदरचा घातला नाही. लांबीखालच्या मूळ रंगाचे नमुने टवक्यांशी जुळवायला पाठवले आणि ते जुळले. पिकअपवाल्याला प्रकरणातून वगळण्याचा अहवाल मी न्यायालयात सादर केला. कागदावर त्याचं नाव धुऊन निघालं.

गावात मात्र गेलो नाही. कंत्राटदाराला अटक झाली की जाऊ, असं ठरवलं. तो स्वतःच गाडी चालवायचा, किल्ली कुणाच्या हातात देत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. पण तसं लिहून द्यायला तालुक्यातला एकही माणूस तयार नव्हता. सुपरवायझर म्हणाला, मला गाडी क्रशरवर उभी मिळाली, कुणी आणली माहीत नाही. कंत्राटदाराचा मोबाइल त्या सकाळी त्याच टॉवरखाली होता, पण क्रशरही तिथलंच. त्याने अटकपूर्व जामीन मिळवला. तारखा पडत राहिल्या. मी वाट पाहत राहिलो.

आमच्याकडे एक रीत आहे. मोठ्या माणसाच्या गाडीने अपघात केला की दोन-चार दिवसांत एक ड्रायव्हर ठाण्यात "हजर" केला जातो. तो सांगतो, गाडी मी चालवत होतो. मालकाचं नाव निघतं, ड्रायव्हर कोर्टात उभा राहतो, आणि सगळ्यांना सगळं माहीत असूनही कुणी काही बोलत नाही. मी पोलिसात लागलो तेव्हापासून ही रीत पाहतोय. म्हणून कंत्राटदार कुणाला तरी हजर करणार हे मला माहीत होतं. त्याला चौकशीत मोडून काढायची तयारीसुद्धा मी करून ठेवली होती.

एका सकाळी हजेरी संपली आणि वकील आत आला. त्याच्यामागून पिकअपवाला आला. नवा शर्ट होता.

मला वाटलं तो पिकअप सोडवायला आलाय. मी म्हणालो, "कोर्टाचा आदेश घेऊन ये, लगेच सोडतो."

"त्यासाठी न्हाई आलो, सायेब," तो म्हणाला. "त्या दिशी मोठी गाडी मी चालवत व्हतो. जबाब द्यायचाय."

खोलीत हवालदार होता. तो उठून बाहेर गेला. वकिलाला मी बाहेर बसायला सांगितलं. तो जाताना म्हणाला, "पाच मिनिटं, साहेब."

"त्या दिवशी तू घरी झोपला होतास," मी म्हणालो.

"कोन म्हनतं?"

"तूच म्हणालास. याच खोलीत."

"तवा तुमी मानलं का?"

मी हातातला पेन खाली ठेवला.

"तवा खरं बोललो तर मार खाल्ला, तीन म्हैने आत बसलो. आता ह्ये बोलतोय तर वकीलसायेबानं खुर्ची दिली, चहा पाजला. मंडळीला क्रशरवर काम लागलंय. ह्या साली कोयता घ्यायचा न्हाई तिला."

"अरे, तुझं नाव निघालं होतं. मी स्वतः कोर्टात लिहून दिलंय."

"तुमच्या कागदात निघालं. गावात कुठं निघालं? गावाला मी तवा बी मारनाराच व्हतो, आता बी हाय. मंग मारनारा म्हनून उपाशी मरू का सायेब?" मग तो म्हणाला, "म्या तुमची लई वाट पाह्यली. पारावर बसायचो रोज. जीप दिसली की उठायचो."

मी त्याला समजावलं, दम दिला, शेवटी विनवलंसुद्धा. तो ढळला नाही. आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं. घरी होता याला साक्षीदार नव्हता. मोबाइल त्याच टॉवरखाली होता. ज्या ज्या गोष्टीवर मी त्याला खोटा ठरवून आत टाकलं होतं, त्या प्रत्येक गोष्टीवर आता तो खरा ठरत होता. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "गाडी जप्त आहे, आरोपी स्वतः हजर आहे. दोषारोपपत्र पाठवा." मी केस डायरीत माझा संशय नोंदवला. त्या नोंदीला पुढं कुणी विचारलं नाही. दोषारोपपत्रावर मी सही केली. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. मिस्त्रीच्या दुकानात त्यानंतर मोठी गाडी आली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकाऱ्यांच्या एका वर्गात मला विचारलं होतं. मी तिथं पुराव्याचं जतन, प्रयोगशाळेचं महत्त्व वगैरे बोललो. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं होतं ते सांगितलं नाही. निरपराध माणसाला पकडणं ही चूक मी एकदा केली आणि ती कागदावर दुरुस्तही झाली. पण त्याने मागितलेलं एक वाक्य मी माझ्या मोठेपणासाठी लांबवत गेलो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या कुणीतरी त्याला विकत घेतलं. माणूस विकला जातो तो गरिबीने, असं आपण म्हणतो. मी पाहिला तो माणूस आधी माझ्या दाराशी येऊन थांबला होता.

निवृत्त झाल्यावर मी तलवाड्याला गेलो. गणवेश नव्हता, जीप नव्हती, एसटीने गेलो. पारावर सात-आठ माणसं होती. मी ओळख सांगितली आणि म्हणालो, त्या बाईला तुमच्या गावच्या पोराने मारलेलं नाही, मी तपास अधिकारी होतो, मी सांगतो.

मग एका म्हाताऱ्याने तंबाखू चोळता चोळता माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगता सायेब," तो म्हणाला, "त्यानं तर कोर्टात सोता कबूल केलं. आन तुमीच न्हाई का त्याला धरून नेलतं?"

मी थोडा वेळ तिथं बसलो. परतीची एसटी आली तेव्हा त्यांच्यापैकी एकाने माझ्यासाठी हात करून ती थांबवली.